ओटीतले तांदूळ आणि परदेशाचा नाका

आमच्या दवनीवाड्यातल्या मुली वैनगंगेपलीकडे देण्याची रीत जुनी आहे. अलीकडे गोंदिया जिल्हा, पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. रोटीबेटीचा व्यवहार राज्याची हद्द मानत नाही. लग्न लागलं की कपाट, दिवाण, गुंड, कोपर, कुलर, शिलाई मशीन असं सगळं आंदण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं, वर ताडपत्री आवळली जाते आणि गाडी पुलावरून पलीकडे जाते. त्यातला पंखा नवा आहे की जुना, गुंड कोणाच्या नावचा, हे विचारायला वाटेत कोणी उभं नसतं.

माझ्या भाचीचं लग्न झालं तेव्हा आंदण असंच मांडलं होतं. फरक एवढाच की जावई मेलबर्नला नोकरीला होता आणि तीन महिन्यांनी तिलाही तिकडे राहायला जायचं होतं. बहिणीने विचारलं, "दादा, हे सगळं तिकडे पाठवायचं तर टॅक्स लागेल का गा?" मी नुसतं हो किंवा नाही म्हणून मोकळा होऊ शकलो असतो. पण मग वाचायला बसलो, दोनचार देशांचे नियम शेजारी ठेवून पाहिले, आणि लक्षात आलं की या प्रश्नात भल्याभल्यांची गफलत होते. लोक घाबरतात ते कराला. सामान खरं अडतं ते वेगळ्याच कारणांनी. म्हणून हा लेख.

मुळात सीमेवरचा कर कशासाठी असतो, हे आधी पाहू. आपल्याकडे त्याला जुना शब्द जकात. शिवाजी महाराजांनी 1671 साली कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगिजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्तात येऊन स्वराज्यातल्या मिठाचा धंदा बसवेल, म्हणून बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. जकातीचं हे मूळ प्रयोजन ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं. जकात व्यापाराच्या मालावर असते. बाजारात उतरून इथल्या मालाशी टक्कर देणाऱ्या वस्तूवर असते. घरातून घरात जाणारी कढई बाजारात उतरत नाही. म्हणून जगातले बहुतेक देश राहायला येणाऱ्या माणसाच्या वापरातल्या सामानावर कर घेत नाहीत.

असा नाका आपल्या मुलखाजवळून एकेकाळी गेलेला आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. इंग्रजांनी मिठाचा कर बुडू नये म्हणून देशाच्या मधोमध एक जकातरेषा आखली होती. सिंधूच्या बाजूने निघून दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद, खांडवा, चंद्रपूर, रायपूर अशी ती ओडिशाकडे उतरायची. लांबी तेवीसशे मैलांच्या वर आणि राखणीला बारा हजारांच्या आसपास माणसं. जिथे जमीन साथ देईल तिथे बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग लावून तिचं जिवंत काटेरी कुंपण केलं होतं. ज्यांनी पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, ते अॅलन ह्यूम 1867 ते 1870 या काळात या खात्याचे आयुक्त होते. 1 एप्रिल 1879 ला ही रेषा मोडीत निघाली. कुंपण इतकं विसरलं गेलं की आज त्याची खूण शोधावी लागते. मिठाच्या खड्यासाठी माणसाची झडती घेणारा नाका आणि कढई पाहून सोडून देणारा नाका, दोन्ही जकातीचेच. पहिल्यात गरिबाच्या ताटातली रोजची वस्तूच कराचा माल ठरवलेली होती. संसाराच्या वस्तूला माफी असणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती आपोआप मिळत नाही. मागावी लागते, तीही ठराविक रीतीने.

ही माफी देताना प्रत्येक देश प्रश्न थोडेफार तेच विचारतो. वस्तू तुमची आहे का? तुम्ही ती वापरली आहे का? तुम्ही स्वतः खरोखर तिच्यासोबत राहायला येताय का? आणि काही देशांत चौथा: आल्याबरोबर विकणार तर नाही ना?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑस्ट्रेलिया म्हणते, मागाहून येणारं घरसामान तुम्ही निघण्याआधी किमान बारा महिने तुमच्या मालकीचं आणि वापरातलं हवं. अमेरिकेत गाद्या, भांडी, फर्निचर, पुस्तकं अशा घरसामानाला माफी मिळायला ते परदेशात किमान एक वर्ष वापरलेलं लागतं. ब्रिटन आणि युरोपीय संघ सहा महिन्यांच्या वापरावर समाधान मानतात, पण तुम्ही स्वतः आधीचे बारा महिने त्यांच्या हद्दीबाहेर राहिलेले हवेत, आणि आणलेली वस्तू पुढचे बारा महिने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. कॅनडा महिने मोजत नाही. वस्तू येण्याआधी तुमच्या मालकीची, ताब्यात आणि वापरात होती, एवढं त्याला पुरतं. मात्र एकेका वस्तूची किंमत दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेवर आकारणी होते, आणि वर्षाच्या आत विकली तर कर भरावा लागतो.

म्हणजे सगळीकडे जुन्याला मान आहे. आपल्या माणसांची रीत नेमकी उलट. परदेशी जायचं म्हणून नवा मिक्सर, नवा कुकर, नव्या चादरी, खोक्याचं सील न फोडता जपून ठेवलेल्या. "तिकडे जाऊनच उघडू." ते न फोडलेलं सीलच नाक्यावर तुमच्या विरुद्ध बोलतं. नवी वस्तू विक्रीची असू शकते, भेटीची असू शकते, दुसऱ्या कोणाची असू शकते. तळाला काळपट डाग पडलेला कुकर मात्र तुमचाच, यावर वाद होत नाही. बहिणीला मी सांगितलं की जायचं ठरल्या दिवसापासून सगळी खोकी फोडा, कुकरमध्ये वरण शिजवा आणि जुन्या वस्तूंच्या पावत्या शोधा. पावती सापडली नाही तर घरातल्या जुन्या फोटोत मागे ती वस्तू दिसते का, ते पाहा. सत्यनारायणाच्या फोटोत मागे उभं असलेलं कपाटसुद्धा पुरावा होऊ शकतं.

पण नवरीचं काय? तिचं तर सगळंच नवं. तीन महिन्यांपूर्वीचं आंदण बारा महिने वापरलेलं कुठून असणार?

याचा विचार कायद्यांनी केलेला पाहून मला मनापासून आनंद झाला. कॅनडात वापराची अट नवविवाहितांना माफ आहे. लग्न येण्याआधीच्या तीन महिन्यांत झालेलं असेल किंवा आल्यानंतर तीन महिन्यांत होणार असेल, तर लग्नातल्या भेटी न वापरताही आणता येतात, फक्त त्या येण्याआधी तुमच्या मालकीच्या आणि ताब्यात असल्या पाहिजेत. युरोपीय संघाच्या 2009 च्या नियमात लग्नानिमित्त राहायला येणाऱ्या व्यक्तीचं आंदण आणि नवं घरसामान वेगळ्या कलमाने करमुक्त केलेलं आहे, आणि लग्नाच्या भेटींना प्रत्येकी हजार युरोंची मर्यादा आहे. ब्रिटनमध्येही तसाच हजार पौंडांचा नियम आहे. दवनीवाड्यात ट्रॉलीत चढणारं आंदण आणि युरोपातल्या कायद्यात लिहिलेलं आंदण, कल्पना एकच. मुलगी नव्या घरी जाते तेव्हा तिच्याबरोबर जाणारा संसार हा माल नव्हे.

भाचीला मात्र ऑस्ट्रेलियाचा बारा महिन्यांचा प्रश्न आडवा येत होता. हिशेब मांडला. दिवाण, कपाट, कुलर इथेच राहणार हे तर उघडच होतं, कारण समुद्रमार्गे नेण्याचं भाडं वस्तूच्या किमतीला भारी. जहाजाने पाठवायचं ठरलं ते तिचं जुनं सामान: कॉलेजपासूनची पुस्तकं, शिलाई मशीन, आजीची पितळी भांडी, हार्मोनियम. नवे कपडे आणि थोडी भांडी तिच्यासोबत विमानाने. ऑस्ट्रेलियात मोठ्या माणसाला स्वतःचे कपडे सोडून सोबतच्या इतर वस्तूंवर नऊशे ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत सूट आहे. त्यात नवं सामान बसत होतं. जे माफीत बसत नाही त्यावरही आभाळ कोसळत नाही. तिथे बहुतेक वस्तूंवर पाच टक्के सीमाशुल्क आणि वर दहा टक्के जीएसटी. सांगितलं तर कर लागतो, लपवलं तर दंड, आणि दंड करापेक्षा कितीतरी जड.

मागाहून येणाऱ्या सामानासाठी ऑस्ट्रेलियाचा बी-५३४ नावाचा अर्ज असतो, अमेरिकेचा ३२९९, ब्रिटनचा टीओआर-१, आणि हा शेवटचा सामान पोचण्याआधीच मंजूर करून घ्यावा लागतो. कॅनडाची रीत सगळ्यांत बारकाईची. तिथे पहिल्यांदा पाय ठेवता त्याच दिवशी दोन याद्या द्यायच्या: आत्ता सोबत असलेलं आणि मागाहून येणारं. दुसऱ्या यादीत जे नाही, ते सहा महिन्यांनी कंटेनरमधून आलं तर त्यावर कर लागू शकतो. आजोबांचं घड्याळ वर्षभराने पाठवायचं असेल तरी ते पहिल्या दिवशी यादीत हवं. अर्ज भरणाऱ्या अनेकांना हे उशिरा कळतं.

यादी कशी करावी यावर एक शब्द. "भांडी, 1 खोका" ही यादी नव्हे. "पितळी गुंड 2, स्टीलची ताटं 6, कुकर 1, वापर चार वर्षं, अंदाजे किंमत इतकी" ही यादी. प्रत्येक खोक्यावर क्रमांक, आणि त्याच क्रमांकाखाली कागदावर आतलं सामान. तपासनीसाला शंका आली तर तो सात नंबरचं एकच खोकं उघडेल. क्रमांक नसला तर वीसही उघडेल.

यादीचा दुसरा उपयोग सामान बुडालं तर. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं आणि कागद वेगळ्या जहाजाने येत होते. महायुद्धाचे दिवस, पाणबुडीने ते जहाज बुडवलं. वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. सामान पाठवणाऱ्या थॉमस कुक कंपनीकडून त्यांना सहाशे रुपये भरपाई मिळाली आणि त्याच पैशांवर ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. हेच बाबासाहेब 1954 मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. दवनीवाडा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, गोंदिया जिल्हा 1999 चा. आमच्या भागात त्या निवडणुकीच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात, पण बुडालेल्या पुस्तकांची गोष्ट कमी. मोलाचे कागद आणि आयुष्याची टिपणं मागाहूनच्या सामानात टाकू नयेत. ती हातातल्या पिशवीत असावीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिथे येतो.

बहिणीने आजीची भांडी बांधली ती आमच्या पद्धतीने. धानाचा मुलूख, घरामागे तणसाचा ढीग. गुंडाला, समईला तणसाचा वेढा देऊन फळ्यांच्या पेटीत बसवलं. आमच्याकडे आंबे तणसात पिकतात, अंडी तणसात ठेवतात, काचेचं सामानही तणसातच जातं. पण ऑस्ट्रेलियाच्या आणि न्यूझीलंडच्या नाक्यावर तणसात बांधलेली पेटी म्हणजे थेट धोक्याची खूण. तणसात दाणा राहतो, दाण्यात कीड, गवताचं बी आणि माती. पेटीच्या फळ्यांचीही तीच गत. कच्च्या लाकडात पोखरणारी अळी असू शकते. म्हणून जगभर एक नियम चालतो: बांधणीचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं हवं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला छाप हवा. गावच्या सुताराने ठोकलेल्या पेटीवर तो छाप कुठून येणार? आम्ही पेटी मोडली, तणस गोठ्यात टाकलं आणि भांडी जुन्या लुगड्यांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरली. लुगडी वापरलेली, करमुक्त.

शिलाई मशीनच्या पायाला चिखल होता. तो ब्रशने खरवडून काढला. सायकलचं चाक, बुटाचा तळ, क्रिकेटची बॅट, फावडं यांना लागलेली माती ही तिथे मातीच धरली जाते, आणि माती नेणं मना आहे.

मग तांदूळ. धानाच्या गावातून निघालेली मुलगी घरचे तांदूळ नेणार नाही, हे आईला पटवणं फार अवघड. पाच किलो वेगळे काढून ठेवलेले होते. सोबत चणे, धने, जिरे आणि भिवापुरी मिरच्या. नेमक्या याच वस्तूंची नावं ऑस्ट्रेलियाने 2020 पासून सामानातून आणायला बंदी केलेल्या यादीत आहेत. तांदूळ, चणा, मूग, मसूर, तूर, धने, जिरे, बडीशेप, वाळलेल्या मिरच्या. अमेरिकेनेही 2011 पासून भारतासह काही देशांतून प्रवाशाने तांदूळ आणायला मनाई केली आहे, मग पिशवी दुकानातली सीलबंद असली तरी. बासमती असो, चिन्नोर असो, दोघांनाही दार बंद.

याचं कारण एक किडा आहे, आणि त्याचं नाव आपलं आहे. खापरा. साठवणीच्या धान्यातला हा भुंगेरा आपल्या शेतकऱ्याला जुना परिचित, कृषीच्या पुस्तकांत तो खापरा भुंगेरा म्हणून येतो. जगभरच्या सीमाशुल्काच्या आणि वनस्पती-संरक्षणाच्या कागदांत हाच शब्द तसाच उचललेला आहे. दिसायला तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, उडता न येणारा. नुकसान करते ती त्याची केसाळ अळी. ती भिंतीच्या भेगेत, गोणीच्या शिवणीत, खोक्याच्या दुमडीत अन्नाशिवाय वर्षानुवर्षं सुप्त पडून राहू शकते आणि दाणा मिळाला की जागी होते. साधी धुरी तिला सहज मारत नाही. अमेरिकेत 1953 साली कॅलिफोर्नियात हा किडा सापडला, आणि तो समूळ काढायला त्यांना पुढची बारातेरा वर्षं आणि लक्षावधी डॉलर घालवावे लागले. उडता न येणारा हा किडा एका खंडातून दुसऱ्या खंडात गेला तो माणसाच्याच गोण्यांतून आणि पेट्यांतून. ज्या देशाचा गहू जगात विकला जातो, त्याला एका घरच्या पिशवीतली एक अळी केवढ्याला पडेल, हे कोठारात कीड लागलेला हंगाम पाहिलेल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आमच्या भागात धान भरून ठेवणाऱ्या कोणालाही तो नियम जाचक वाटणार नाही, एकदा कारण कळलं तर. कारण कोणी सांगत नाही, एवढंच दुःख.

आखातात किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ही कराची नाही, तुरुंगाची आहे. खसखस. आपल्याकडे ती अनारशावर असते, लाडवात असते, भाजीच्या वाटणात असते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे ती अमली पदार्थाच्या कायद्यात येते. दिवाळीत कोणी मायेने बांधून दिलेला अनारशाचा डबा मुलाला कोठडी दाखवू शकतो. शारजाला, दुबईला, रियाधला निघालेल्या प्रत्येक पोराच्या आईला हे आधी सांगायला हवं.

आपण ज्या देशात जातो त्याचे नियम लोक शोधतात, ज्या देशातून निघतो त्याचे विसरतात. आजीच्या भांड्यांत एक समई होती, तिच्या आजेसासूच्या वेळची म्हणतात. भारताच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, मूर्ती, धातुकाम खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षंच धरतात, ते ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं असलं तर. घरातली जुनी पोथी, देव्हाऱ्यातले टाक, पितळी बाळकृष्ण, यांबद्दल शंका असली तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला घ्यावा लागतो. समई आम्ही ठेवून घेतली. मोरपीसही ठेवलं. नागझिऱ्याच्या बाजूला मोर भरपूर, पिसं आपोआप गळालेली, देव्हाऱ्यात घरोघर. पण मोरपिसं देशाबाहेर पाठवायला आपल्याच सरकारची बंदी आहे.

सोन्याचं प्रकरण जातानापेक्षा येताना जास्त त्रास देतं. भाचीच्या अंगावर मंगळसूत्र, गोफ, बांगड्या.  पण दोन वर्षांनी ती दिवाळीला घरी येईल तेव्हा मुंबईच्या किंवा नागपूरच्या विमानतळावर हाच गोफ परदेशातून आणलेला वाटू शकतो. यावर उपाय निघतानाच करायचा असतो. प्रस्थानाच्या वेळी सीमाशुल्क अधिकाऱ्याला दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. सोनाराकडून वजन, शुद्धता आणि फोटो असलेलं मूल्यांकन सोबत असलं की काम सोपं होतं. त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोचावं लागतं. एवढ्या एका कागदाने परतीचा सगळा वाद मिटतो, तरी तो घेणारी माणसं फार थोडी.

परतीचा विषय निघालाच आहे तर कायमचं घरी येणाऱ्यांबद्दलही सांगतो. त्याला व्यवहारात सगळे "टीआर" म्हणतात, म्हणजे निवासस्थान बदलून येणं. 2016 च्या सामान नियमावलीने यासाठी पायऱ्या ठरवल्या: तीन ते सहा महिने बाहेर राहून आलेल्याला साठ हजार रुपयांपर्यंतचं घरसामान माफ, सहा महिने ते वर्ष राहिलेल्याला एक लाख, वर्षभराच्या वास्तव्याला दोन लाख, आणि दोन वर्षं किंवा जास्त राहिलेल्याला पाच लाख. दोन वर्षांच्या पायरीला अट अशी की त्या काळात भारतात घालवलेले सुट्टीचे दिवस मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावेत आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी. वर्षाहून अधिक बाहेर राहिलेल्या बाईला चाळीस ग्रॅम आणि पुरुषाला वीस ग्रॅम दागिन्यांची मुभा त्याच नियमावलीत होती, किमतीच्या मर्यादेसह. मोठा टीव्ही त्या माफीत धरलेला नव्हता. मर्यादेवरच्या मालाला त्या चौकटीत 35 टक्के शुल्क आणि त्यावर अधिभार धरून साडेअडतीस टक्के पडायचे. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून निघण्याच्या महिन्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचे चालू आकडे पाहावेत, चुलतभावाच्या पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नये. वेगळं पाठवलेलं सामान तुम्ही पोचल्यावर एका महिन्याच्या आत तिकडून रवाना झालेलं असावं, आणि तुमच्या दोन महिने आधीपर्यंत ते येऊन थांबू शकतं. आखातात वीस-वीस वर्षं काढून परतणाऱ्या माणसाच्या आयुष्याची कमाई अशा एखाद्या तारखेवर अडते. पूर्ण दोन वर्षं भरायला थोडे दिवस कमी पडत असतील तर दोन महिन्यांपर्यंतची तूट माफ करण्याचा अधिकार त्या नियमावलीत सहायक किंवा उप आयुक्ताला होता. अशी माफी अर्ज करून मागायची असते, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आणि विमानतळावरचे ते दोन रस्ते, हिरवा आणि लाल. हिरव्यातून चालत जाणं हेच एक विधान आहे: माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. नंतर पिशवीत काही निघालं तर "मला माहीत नव्हतं" याला वजन उरत नाही. शंका असली की लाल. लाल म्हणजे गुन्हा नव्हे. तिथे जाऊन सांगितलेल्या वस्तूवर फार तर कर लागतो, आणि मनाई असलेली वस्तू असेल तर ती काढून घेतात आणि माणूस पुढे जातो. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यात अशीही सोय आहे की कर भरायचा नसेल तर खरं सांगून वस्तू खात्याकडे ठेवायची आणि देशाबाहेर जाताना परत घ्यायची. सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे, आधी सांगण्यावर. ऑस्ट्रेलियाच्या विमानात भरायच्या कार्डावरही लोणचं, पापड, तूप, पुरणपोळी, लाकडी पोळपाट यांपुढे "हो" अशी खूण करायची. त्यातलं बरंचसं पाहून परत देतात.

भाचीचं सामान मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत चढलं त्याला आता काळ लोटला. पुस्तकं, मशीन, भांडी पोचली. हार्मोनियमचं खोकं उघडून पाहिलं होतं, लाकूड म्हणून. आत यादीची प्रत होती, ती परत नीट घडी करून ठेवलेली तिला मिळाली.

पण ज्या दिवशी ती दवनीवाड्यातून निघाली त्या सकाळी, सगळं समजावून झालेलं असताना, आजीने पाटावर बसवून तिची ओटी भरली. खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि पसाभर तांदूळ, आमच्याच शेतातले. तिथे कोणी काही बोललं नाही. मी तर बोलणारच नव्हतो. भाचीने पदर सावरला, ओटी तशीच धरून गाडीत बसली. नागपूरला रात्रीचं विमान होतं, दुपारी मावशीकडे थांबायचं होतं. ओटीचे तांदूळ जिथे उतरतील तिथेच शिजवून खायची रीत आहे. मावशीने नारळ फोडला, ते तांदूळ धुतले आणि खीर केली. निघण्याआधी सगळ्यांनी वाटी वाटी घेतली. भाचीने दोन घेतल्या.